गुरुवार, दहाच्या आत

तपकीर गल्लीतला मुदस्सर म्हणाला,
मावशी, ही डिस्क धापा टाकतेय आता,
काढायचं ते एका बैठकीत काढा,
मध्येच बंद केलीत तर पुन्हा उठायची नाही.
नवी दिली त्याने, काड्यापेटीएवढी.
तिच्यात म्हणे माझं अख्खं दुकान मावून
वर पंच्याण्णव टक्के जागा उरेल.
तेवीस वर्षांचं दुकान.
मला जरा रागच आला.

आज गुरुवार. नळ कोरडा,
दहाला लाइटही जाणार, तसा मेसेज आलाय.
सव्वाआठला केबल लावली.
पडदा म्हणतो, चाळीस मिनिटं उरली.
मग म्हणतो, सहा तास.
मग अकरा मिनिटं.
मीटर बंद असलेल्या रिक्षावाल्याशी बोलतेय जणू.

जुनी टकटक करते, थांबते, परत टकटक,
आतून कुणी कडी काढा म्हणतंय तशी.
पत्रिका चालल्यात, दोन हजार दोनच्या, तीनच्या,
आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं,
त्या मामाचीच पोरं आता बारावीला असतील.
सोसायटीची नोटीस: गच्चीत पापड वाळत घालू नयेत.
साबडेबाईंचा प्रबंध, फायनल, फायनल दोन,
फायनल आता नक्की, फायनल सरांनी सांगितलेलं.
मध्येच एक दशक्रिया, ओंकारेश्वर, सकाळी साडेसात,
लग्नांच्याच फोल्डरात. तेव्हा घाईत असणार मी.

एक उघडून बघितली.
नव्या मशीनला आमचा जुना फॉन्ट ठाऊक नाही.
श्रीगणेशाच्या जागी डॉलर, कंस,
एक उलटं प्रश्नचिन्ह.
माझ्या बोटांना मात्र ते वाचता येतं.

नऊ वाजून दहा. धायगुडे या नावापाशी अडकलं.

धायगुडे म्हणजे महापालिकेतले चावीवाले,
एकतीस वर्षं पेठांचं पाणी त्यांच्या मनगटात.
निवृत्तीनंतर दर मंगळवारी यायचे,
उभ्या उभ्या सांगायचे, मी टाइप करायचे.
पानाला बारा रुपये, सुट्टे, मोजून.
पहिलं वाक्य:
या गावाला मी रोज पहाटे चारला पाणी पाजलं.
मी शहाणी. 'सोडलं' केलं.
चाळीस पानं झाल्यावर त्यांनी प्रिंट नेली,
पुढच्या मंगळवारी पहिल्याच ओळीवर बोट:
"सोडतात ते कुत्रं, बाई, अंगावर.
मी पाजलंय.
चढावर पाणी चढायचं नाही तेव्हा
चावीला कान लावून बसलोय."
मग नवी फाइल, नवं नाव, पुन्हा पाजलं.
दोनशे बारा पानं झाली.
छपाईचे पैसे जमेपर्यंत ते राहिले नाहीत.
मुलगा म्हणाला, असू द्या तुमच्याकडेच.

ही फाइल वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न करू?
कर.
करू?
कर ना.
टक. टक.
वगळू?

घड्याळाकडे बघितलं
आणि वगळलं.

नऊ बावन्नला बाकी सगळं आलं.
पापडसुद्धा आले.
दहाला पंखा थांबला.
जुन्या डिस्कवर हात ठेवला,
तापातल्या पोराच्या कपाळासारखी लागली.

संध्याकाळी लाइट आल्यावर शोधलं.
नव्यात एकच धायगुडे होते,
चाळीस पानांचे, माझ्या दुरुस्तीचे.
डॉलर-कंसांच्या गर्दीत
पहिल्याच ओळीत माझं 'सोडलं', धडधाकट.
पुढचं कुठलं कुठलं आठवतं:
उन्हाळ्यात बोळातल्या शेवटच्या घरची बाई
रिकामा हंडा वाजवायची,
आवाज आला की चावी अर्धा आटा आणखी.
हे शंभराव्या पानाच्या आसपास होतं.
की नव्वदाव्या?

कर्सर नेला. दोन अक्षरं पुसली,
'लं' तेवढं ठेवलं.

स्वयंपाकघरातला नळ सोडून बघितला, उगाच.
पाणी उद्या,
उशिरा आणि कमी दाबाने.